वैरागडेकाकांचं रनिंग-इन

वैरागडेकाकांची आणि आमची ओळख गाडीच्या बेल्टमुळे झाली. आम्ही कॅनडात रेजिनाला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आले, आमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी उभे राहिले आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम मराठीत म्हणाले, "तुमच्या गाडीचा बेल्ट ओरडून राहिला. विंटरच्या आधी बदलून घ्या." आम्ही मराठी आहोत हे त्यांना कसं कळलं, ते मी पुढे कधीतरी विचारलं. माझा नवरा मंदार गाडी रिव्हर्स घेत असताना मी "हळू, अरे हळू" असं ओरडत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे माझाही आवाज त्यांच्या कानावर पडला होता, पण लक्ष आधी बेल्टकडे गेलं.

हे मूळचे नागपूरचे. प्रांतिक सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात पंपांचे इंजिनिअर. पंचवीसेक वर्षं कॅनडात काढूनही बोलणं अस्सल नागपुरी राहिलं होतं, फक्त त्यात मधेमधे पंप, प्रेशर आणि विंटर टायर्स शिरले होते. नवीन वस्तू घरात आली की ते आधी तिचं मॅन्युअल वाचायला बसत. राइस कुकरचंसुद्धा. मॅन्युअल वाचून होईपर्यंत त्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या बायकोनं, शैलाकाकूंनी, एकदा नवा मिक्सर असा चार दिवस खोक्यात बघितला आणि चटणी शेवटी खलबत्त्यात कुटली. "माझ्यासंगं मॅन्युअल आलं नव्हतं ना," त्या मला म्हणाल्या, "म्हणून मी सुटली."

काकू गोल चेहऱ्याच्या, ठेंगण्या, हसऱ्या. हसताना आवाज होत नसे, नुसते खांदे हलत. त्यांच्या हातचा वडाभात खायला आम्ही दोघं निमित्त शोधत असू. भातावर कुस्करलेले वडे आणि वरून हिंगाचं कडकडीत तेल. ते तेल काकूंचा हात मोकळा सुटेल तसं पडायचं, आणि काका मात्र त्याकडे ढुंकूनही बघत नसत. ह्याचं मला नंतर फार नवल वाटलं, कारण हाच माणूस मोटारसायकलच्या तेलासाठी लागोपाठ तीन शनिवार पार्ट्सच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

मोटारसायकल घ्यायची कल्पना काकूंची. मुलगा निखिल नोकरीसाठी व्हँकुव्हरला गेला, घर रिकामं झालं, आणि एका संध्याकाळी काकू सहज म्हणाल्या की मला एकदा परत तुमच्या मागं बसायचं आहे. क्वापेलच्या दरीत तळ्यापर्यंत जायचं, काठावर बसून डबा खायचा आणि परत यायचं. रेजिनाहून ते जेमतेम तासाभराचं अंतर.  काका त्यावर सरळ मोटारसायकलच्या इथल्या लायसन्ससाठी कोर्सला गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, विशीतल्या पोरांबरोबर, पार्किंग लॉटमधे केशरी शंकूंच्या मधून गाडी काढायला शिकले. लायसन्स हातात येईपर्यंत ऑगस्ट उजाडला. मग मोटारसायकल आली, काळी, कोरी करकरीत, आणि तिच्याबरोबर दोन हेल्मेटं.

काकूंनी त्याच दिवशी हेल्मेट घालून बघितलं आणि काकांनी त्यांना सांगितलं की रनिंग-इन झाल्याशिवाय डबलसीट नाही.

आता हे रनिंग-इन म्हणजे काय ते आमच्या पिढीला जेमतेम माहीत आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून घासून बसाव्या लागतात. तोवर इंजिन पळवायचं नाही, तापवायचं नाही आणि त्याच्यावर भार टाकायचा नाही. माझ्या लहानपणी पुण्यात नव्या स्कूटरच्या मागे लोक तशी पाटी लावत, हे मला पुसट आठवतं. कॅनडात असं कोणी करत नाही. दुकानदारानं काकांना सांगितलं होतं, पहिले काही दिवस जरा जपून चालवा, नंतर एन्जॉय करा. मॅन्युअलमधे सोळाशे किलोमीटर लिहिलं होतं, आणि तेही फक्त फार वेगात जाऊ नका एवढंच. डबलसीटबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तो नियम काकांनी नागपूरहून आणला होता.

त्यामागे एक गोष्ट होती. ती मी दोघांच्या तोंडून वेगवेगळी ऐकली.

काकांची अशी, की त्यांचं लग्न मे महिन्यात झालं आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी त्यांची पहिली मोटारसायकल हातात आली होती. रनिंग-इन चाललं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ते नव्या बायकोला मागं बसवून रामटेकला निघाले. विदर्भातलं मेचं ऊन, कोरं इंजिन आणि डबलसीट. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. मेकॅनिक शोधायला ते पायी गेले आणि दुपार टळल्यावर परत आले. इंजिन उघडून बसवलं, पण ते पहिल्यासारखं झालंच नाही. "विकेपर्यंत त्या गाडीनं धूर सोडला," काका म्हणाले. "माझ्या अकलेनं." हे त्यांनी मला तीन-चारदा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी "माझ्या अकलेनं" हे शेवटी यायचंच.

काकूंनी सांगितलेल्या गोष्टीत इंजिन जवळजवळ नव्हतंच. त्यांच्या गोष्टीत एक कडुनिंब होता आणि त्याखाली रसवंती होती. रसवंतीवाल्याच्या बायकोनं त्यांना बाजेवर बसवलं, नवी नवरी म्हणून रसाचे पैसे घेतले नाहीत, आणि सासरचं कोणकोण कसं आहे ते सगळं काढून घेतलं. मग काका आले, घामानं भिजलेले, हात काळे. मेकॅनिक काम करत असताना दोघं बाजेवर शेजारी बसून राहिले. घरात पाहुणे होते, सासू-सासरे होते, लग्नानंतर दोघांना असं बसायलाच मिळालं नव्हतं. "मला तर मजा आली त्या दिवशी," काकू म्हणाल्या. "ह्यांच्यासंगं इतका वेळ निवांत मी नंतर कधी बसलीच नाही."

तेलाचं सांगायचं राहिलं. पार्ट्सच्या दुकानात एक अख्खी भिंत तेलाची होती. काका एकेक डबा उचलत, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचत आणि परत ठेवत. मला एकदा बरोबर यायचा योग आला. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. चारचाकी गाडीच्या तेलात पेट्रोल वाचवायला जास्तीचा बुळबुळीतपणा घातलेला असतो, तो क्लचला बाधतो, क्लच घसरायला लागतो. म्हणून ते तेल नाही. आणि सिंथेटिक उत्तम, पण आत्ता नाही. ते इतकं निसरडं की रिंगा घासल्याच जाणार नाहीत, आणि घासल्या नाहीत तर बसणार नाहीत. म्हणून आधी साधं मिनरल, ते बदलून परत मिनरल, आणि रनिंग-इन संपलं की सिंथेटिक. दुकानातल्या पोरीनं काही मदत हवी का म्हणून विचारलं, तर त्यांनी तिला हे सगळं इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "वाव, ओके," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

त्यांनी दोन्ही तेलं त्याच दिवशी घेतली. मिनरल इंजिनात गेलं. सिंथेटिकचा डबा गॅरेजच्या फळीवर, काकूंच्या हेल्मेटशेजारी जाऊन बसला. रनिंग-इन संपलं की डबा आणि हेल्मेट, दोन्ही एकाच दिवशी खाली यायची होती.

पाटी काकूंनी करून दिली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लाल रंगानं, रांगोळी काढतात तशा ठिपके मोजून काढलेल्या अक्षरांत, वर "रनिंग इन" आणि खाली "प्लीज ओव्हरटेक", इंग्रजीत. वरून प्लॅस्टिक चढवलं. काका शनिवार-रविवारी ती पाटी मागं लावून निघत. वारा जास्त असला की निघत नसत, आणि रेजिनाला वारा जास्त नाही असे दिवस किती असतात ते तिथं राहिलेल्यांनाच माहीत. अर्धा तास झाला की थांबत, इंजिन पुरतं थंड होऊ देत, मग परत. एकदा हायवेवर साठच्या वेगानं चालले असताना पोलिसानं बाजूला घेतलं. पाटीचा अर्थ विचारला. काकांनी त्याला रिंगांपासून सुरुवात करून सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, प्लीज सर्व्हिस रोडनं जा. पुढे ते सर्व्हिस रोडनं जात.

काकू दर वेळी दारात उभ्या राहून "किती झाले?" एवढंच विचारत. ते मीटरवरचा आकडा सांगत. मग काकू उरलेले मनात मोजत, ओठ हलताना दिसत.

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला हवा अचानक उघडली. पानं पिवळी पडलेली, वारा पडलेला, ऊन असं की लोक परत अर्ध्या बाह्यांत बाहेर आले. मी समोर अंगणातली पानं गोळा करत होते. काका फेरीवरून आले. मीटर सोळाशेला अजून दोनेकशे कमी होता. काकू दारात होत्या, पंजाबी ड्रेसवर स्वेटर, आणि डोक्यात हेल्मेट. हेल्मेट घालूनच बाहेर आल्या होत्या.

"एक चक्कर," काकू म्हणाल्या. "तळ्यावर नको. नुसती ह्या ब्लॉकला."

काकांनी गाडी स्टँडवर लावली. इंजिनाजवळ हात नेऊन ऊब बघितली. "एवढी थांबली," ते म्हणाले, "आता थोड्यासाठी कशाला? पुढच्या सीझनला आरामात जाऊ ना."

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. आवाज मऊ होता, आणि मला वाटतं त्या गाडीपेक्षा त्यांना त्या दुसऱ्या सहलीचीच काळजी जास्त होती. ह्या वेळी अर्ध्या वाटेत काही बिघडायला नको होतं. काकूंनी हेल्मेटचा पट्टा सोडला. केस चपटे झाले होते ते सारखे केले. मला हाक मारून म्हणाल्या, "ये, चहा टाकते."

पुढच्या आठवड्यात बर्फ पडलं आणि राहिलं. काकांनी बॅटरी काढून बेसमेंटमधे ठेवली, थंडीसाठी तेल बदलून परत मिनरलच भरलं आणि मोटारसायकलवर काकूंची जुनी गोधडी टाकली.

जानेवारीत, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या रात्रभर प्लग-इन करून ठेवाव्या लागतात त्या दिवसांत, काकू ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबीर निवडताना खाली पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलमधे दोन दिवस होत्या, पण शुद्ध अशी आली नाही. निखिल आला तेव्हा त्यानं हात धरला, त्यांनी डोळे उघडले नाहीत.

फ्युनरल होममधे आम्ही वीसेक मराठी माणसं होतो, जाड कोटांतली, बुटांतून बर्फाचं पाणी गालिच्यावर गळत होतं. कोणी रडत होतं, कोणी काय बोलावं हे न सुचून पार्किंगबद्दल बोलत होतं. मला रडू आलं नाही. आतून काहीच येत नव्हतं, हातमोजा काढल्यावर बोटं आपली वाटत नाहीत तसं झालं होतं. काका माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा नेहमीचाच होता.

"गॅरेजमधे उणे वीस होऊन राहिलं," ते म्हणाले. "मिनरल तेल एवढ्या थंडीत लापशीवानी होते. निखिलला सांगितलं, कोणी स्टार्ट करू नका म्हणून."

मी म्हटलं, नाही करणार कोणी, काका.

"रिंगा जातील," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाचा नमस्कार घ्यायला वळले.

लोकांना ते खटकलं. बायको समोर आहे आणि ह्यांना तेल सुचतंय, असं कुजबुजत एक जण म्हणालेच. मला नाही खटकलं. बोलायला त्या दिवशी माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

निखिल आठवडाभर राहिला. जाताना मंदारला म्हणाला की "ट्राय टू टॉक टु हिम, ही शुड सेल दॅट बाइक." आम्ही बोललो नाही. काका ऑफिसला जात, येत, ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल करत, आमचंही करून टाकत. आठवड्यातून एकदा मी भाजी नेऊन देई. ती ते ताटलीत काढून घेत आणि माझा डबा तिथंच धुऊन परत देत. घरात काकूंबद्दल बोलणं निघत नसे. दुःखाचं वाटणं वगैरे जे म्हणतात तसं काही तिथं झालं नाही. हिवाळा होता, तो सरकत होता.

एप्रिलच्या शेवटी, हिवाळ्यात घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली खडी झाडून झाली, आणि एका शनिवारी सकाळी समोरून मोटारसायकलचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. काका निघाले होते, मागे पाटी लावून. सर्व्हिस रोडनं गेले, दुपारी आले. दारात "किती झाले?" विचारायला कोणी नव्हतं. त्यांनी गाडी लावली, वाकून मीटर बघितला, आणि आकडा कोणाला तरी सांगायचा असल्यासारखे दोन मिनिटं उभे राहिले. मग गॅरेजचं दार खाली आलं.

त्या उन्हाळ्यात सोळाशे होऊन गेले असणार. आम्ही विचारलं नाही. मंदारचा अंदाज होता की आता तरी ते गाडी विकतील, किंवा निदान नीट चालवतील. पण ते साठच्या पुढे गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. मिनरल तेल घालायचं, बदलायचं, परत मिनरल. क्वापेलच्या बाजूला ते कधी गेले नाहीत. रिटायर झाल्यावर तर आठवड्याच्या मधल्या वारीही जायला लागले, तेवढाच फरक.

मग मंदारला दूर पूर्वेला, ब्रॅम्पटनजवळ नोकरी लागली आणि आमचं रेजिना सोडायचं ठरलं. निरोप घ्यायला मी गेले तेव्हा काका गॅरेजमधे तेल बदलत होते. जुनं तेल खालच्या भांड्यात बारीक धारेनं पडत होतं. ते त्यात दोन बोटं बुडवून, चोळून, उजेडात धरून बघत होते. फळीवर सिंथेटिकचा डबा तसाच होता, झाकणाचं सील न तोडलेला, आणि त्याच्याशेजारी हेल्मेट. मोटारसायकलचा मीटर माझ्या समोर होता. सहा हजारांच्या पुढे गेलेला.

मी म्हटलं, "काका, सहा हजार झाले. रनिंग-इन कधीच झालं की."

त्यांनी बोटं फडक्याला पुसली. एकेक बोट, नखाच्या कडेसकट.

"नाही झालं," ते म्हणाले. "झालं असतं तर तिला घेऊन नसतो गेलो का?"

 तेलाची धार संपून थेंब पडायला लागले होते. मग मी त्यांना कडुनिंबाचं सांगितलं. काकू रामटेकच्या त्या दुपारबद्दल मला काय म्हणाल्या होत्या ते, बाज, रस, दोघांचं शेजारी बसणं, आणि मजा आली म्हणाल्या होत्या ते. काका फडकं हातात धरून ऐकत राहिले.

"इंजिन जाम झालं होतं," ते म्हणाले.

"हो, तेही म्हणाल्या."

"अन् मजा आली म्हणे."

"हो, काका."

त्यांनी मान हलवली. नवा मिनरलचा डबा उघडला, नरसाळं लावलं आणि ओतायला लागले. थोडं बाहेर सांडलं, आणि ह्या माणसाच्या हातून तेल सांडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी फडकं उचलून पुसून काढलं. जाताना ते म्हणाले, ब्रॅम्पटनला मीठ फार टाकतात रस्त्यावर, गाडी खालून धूत जा.

दोन दिवसांनी आम्ही निघालो, गाडीला ट्रेलर जोडून, मागच्या सीटवर कुंड्या. शहर संपून हायवे सुरू होतो तिथं मंदारनं एकदम वेग कमी केला. पुढे काका होते. सर्व्हिस रोडवर नाही, हायवेवर, पूर्वेकडे, क्वापेलचा फाटा जिकडे लागतो त्या दिशेनं. उजव्या कडेनं साठच्या वेगात, पाठ ताठ, मागची सीट मोकळी. त्या मोकळ्या सीटला दोरीनं हेल्मेट बांधलेलं होतं, आणि खाली पाटी. उन्हानं लाल अक्षरं गुलाबी झाली होती, पण काकूंची ती ठिपके मोजून काढलेली अक्षरं ओळखू येत होती.

मंदारनं विचारलं, हॉर्न देऊ का. मी नको म्हटलं.

थोडा वेळ आम्ही त्यांच्या मागून साठनं गेलो. मग मागे एक ट्रक येऊन चिकटला. मंदारनं इंडिकेटर दिला, डावीकडची लेन घेतली, आणि पाटीवर लिहिलं होतं तसं आम्ही त्यांना ओलांडून पुढे गेलो.